पहिली तार बोलली पाहिजे

सी कॉर्ड धरायला शिकून आठवडा झालेल्या कुणालाही एक छोटी परीक्षा द्यायला सांगा. उजव्या हाताने सगळ्या तारा एकदम झटकायच्या नाहीत. पाचवीपासून पहिलीपर्यंत, म्हणजे सगळ्यात पातळ तारेपर्यंत, एकेक तार सावकाश छेडायची आणि कान देऊन ऐकायचं. पाचवी वाजते. चौथीही वाजते. तिसरीवर लाकडावर टिचकी मारल्यासारखा ‘ठप्’ आवाज येतो. दुसरी वाजते, पण कागद फडफडावा तशी झरझर करत. पहिली मुकीच. तारा एकत्र झटकल्या तेव्हा बरी वाटणारी ती कॉर्ड पाचातल्या दोनच तारांवर उभी होती.

यावर बहुतेक जण एकच उपाय करतात: दात आवळून आणखी जोरात दाबतात. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या सातवीतल्या एका मुलीने दुसऱ्याच आठवड्यात हात पुढे करून दाखवला. तीन बोटांच्या टोकांवर तारांचे खोल लाल वळ उमटले होते. म्हणाली, “काका, माझ्या बोटांत ताकदच नाहीये. आई म्हणते, कीबोर्ड घे.” मी म्हटलं, “ताकद हवी त्याहून जास्त लावतेयस. तर्जनी फक्त पुढे सरकव, फ्रेटला टेकेल न टेकेल अशी. आणि दाब निम्मा कर.” तिने बोट सेंटिमीटरभर सरकवलं आणि दुसरी तार छेडली. स्वर स्वच्छ आला. तिने माझ्याकडे पाहिलं, मग बोटाकडे, आणि पुन्हा तीच तार छेडली. असं तिने आठ-दहा वेळा केलं असेल.

एकाच कॉर्डमधले ते तीन दोष तीन वेगळ्या कारणांनी आले होते. तिसरी तार मेली, कारण चौथ्या तारेवरचं मधलं बोट आडवं झालं होतं आणि त्याचं पोट तिला चिकटत होतं. पहिली मुकी झाली, कारण तर्जनी तिच्यावर कलली होती. दुसरी झरझरली, कारण तर्जनी फ्रेटपासून फार मागे पडली होती. यातलं एकही कारण ताकदीचं नाही. गिटार सोडून दिलेल्यांपैकी कितीतरी जण ‘आपल्याला जमत नाही’ असं समजून थांबलेले असतात. बोट कुठे ठेवायचं हे त्यांना कुणी नीट सांगितलेलंच नसतं. याची मला मनापासून खंत वाटते, म्हणून हे प्रकरण जरा विस्ताराने लिहितो आहे.

आधी फ्रेट समजून घेऊ. गिटारच्या नेकवर, म्हणजे दांडीवर, आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्या म्हणजे फ्रेट. सतारीच्या पडद्यांचं हे भावंड. फरक इतकाच की पडदे दोऱ्याने बांधलेले आणि सरकवता येणारे असतात, फ्रेट लाकडात कायमचे ठोकलेले. स्वर ठरवतो तो फ्रेट. बोटाचं काम तार त्या फ्रेटवर घट्ट टेकवून ठेवायचं. बोट फ्रेटच्या लगेच अलीकडे, नटाच्या (तारा जिथून निघतात त्या वरच्या आडव्या तुकड्याच्या) बाजूला असेल, तर थोड्या दाबात तार फ्रेटवर पक्की बसते. बोट मागे गेलं की तार फ्रेटवर नुसती टेकते आणि कंप पावताना त्याच्यावर आपटत राहते. तीच ती झरझर. ती दाबून थांबवायची तर दुप्पट जोर लागतो. उलट बोट थेट फ्रेटच्या डोक्यावर चढलं, तर मांसल टोक तारेचा कंप गिळून टाकतं आणि स्वर बोथट होतो.

तंबोरा जुळवलेल्याला ही झरझर ओळखीची वाटेल. घोडीवर तारेखाली दोरा सरकवून आपण मुद्दाम तसाच झणकार काढतो, त्याला जवारी म्हणतो आणि ती चांगली लावणाऱ्या कारागिराला मान देतो. तिथे तार घोडीच्या रुंद, घासून तयार केलेल्या पृष्ठभागाला हलकेच चाटत जाते आणि आवाज फुलतो. गिटारचा फ्रेट अरुंद आहे. त्याच्यावर तार आपटली की आवाज फुलत नाही, लवकर मरतो.

आता मापं. क्लासिकल गिटारवर नटापासून ब्रिजपर्यंत, म्हणजे घोडीपर्यंत, तारेची लांबी साधारण 650 मिलिमीटर असते. सप्तकाचे बारा सारखे भाग पाडायचे म्हणून पहिला फ्रेट नटापासून 36.5 मिलिमीटरवर येतो आणि पुढचं प्रत्येक घर, म्हणजे दोन फ्रेटमधली जागा, आधीच्या घरापेक्षा सुमारे 5.6 टक्क्यांनी लहान होत जातं. बारावा फ्रेट बरोबर मध्यावर, 325 मिलिमीटरवर. त्याच्या अलीकडचं घर जेमतेम 19 मिलिमीटरचं. म्हणजे शिकाऊ माणसाला ज्या कॉर्ड्स पहिल्यांदा देतात, त्या सगळ्या पहिल्या तीन, सगळ्यात रुंद घरांत आहेत. ही तीन घरं मिळून दहा सेंटिमीटरहून जास्त भरतात. सी कॉर्डमध्ये तर्जनी पहिल्या घरात आणि अनामिका तिसऱ्या घरात न्यायची असते; दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या हाताला हा ताण खरोखरच मोठा आहे. अशा मुलांना मी सुरुवातीला तिसऱ्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावून देतो. घरं लहान होतात, तारा खाली येतात, हात हसतो. महिनाभराने कॅपो एकेक घर मागे सरकवायचा. काही शिक्षक याला लाड म्हणतात. मला ते पटत नाही. मुलाला पहिल्यांदा सायकल देतानाही आपण त्याच्या उंचीची देतो.

आपल्याकडच्या हातांना ही गोष्ट आणखी एका कारणाने नवी असते. सतारिया तर्जनी आणि मधल्या बोटावर मुख्यतः एकाच तारेवर राग उभा करतो. पेटीवर आपण गाण्याच्या मागे एकेक स्वर वाजवत जातो. आपलं संगीत एका वेळी एका स्वराचा माग काढतं, त्यामुळे तीन-चार बोटांनी एकाच क्षणी तीन-चार वेगळ्या तारांवर उतरायचं, हे काम आपल्या वाद्यपरंपरेत फारसं आलंच नाही. गिटार आपल्याकडे रुळली तीही दोन रूपांनी. मांडीवर आडवी ठेवून तारांवर पोलादी कांडी सरकवत वाजवायची ती हवाईयन गिटार. तिच्यात मींड सहज निघते, म्हणून ती आपल्या कानाला लगेच भावली. ब्रिजभूषण काबरा यांनी 1967 साली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्या सोबत वाजवली ती याच जातीची. विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणा त्याच वाटेने पुढे गेली. या वाटेवर डाव्या हाताची बोटं फ्रेटवर दाबावी लागत नाहीत. छातीशी धरून, बोटांनी कॉर्ड पकडून वाजवायची तिला आपल्याकडची जुनी वादक मंडळी अजूनही ‘स्पॅनिश गिटार’ म्हणतात. कॉर्ड्सची जाण मुंबईच्या सिनेसंगीतात मोठ्या प्रमाणावर आणली ती गोव्याच्या वादकांनी आणि संयोजकांनी. चर्चमध्ये लहानपणापासून अनेक स्वर एकत्र ऐकलेले आणि नोटेशन वाचणारे हे लोक. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचं संयोजन करणारे सेबॅस्टियन डिसूझा त्यांतलेच. चालीच्या खाली कोणते स्वर एकत्र उभे करायचे, हे या मंडळींनी कागदावर लिहून दिलं आणि आपल्या तीन पिढ्यांच्या कानांना त्याची सवय लागली. आपला कान कॉर्ड ओळखतो, हाताला मात्र ती नव्याने शिकवावी लागते.

हाताबद्दलची एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. बोटांत बोटं वाकवणारे स्नायू नाहीत. ते कोपर आणि मनगट यांच्या मध्ये, पुढच्या हातात आहेत. तिथून निघालेल्या दोऱ्या, म्हणजे कंडरा, मनगटातल्या एका अरुंद बोगद्यातून बोटांपर्यंत जातात. अशा नऊ कंडरा आणि एक मोठा मज्जातंतू एवढ्याशा जागेतून जातात. आता हे वाचता वाचता एक करून पाहा. मनगट आतल्या बाजूला जितकं दुमडेल तितकं दुमडा आणि घट्ट मूठ वळायचा प्रयत्न करा. वळत नाही. बोटं अर्ध्यावर थांबतात आणि पुढच्या हातात ताण येतो. मनगट सरळ करा, तीच मूठ सहज बसते. मनगट दुमडून, कोपर पोटाशी आवळून कॉर्ड धरणारा प्रत्येक विद्यार्थी या अर्ध्या मुठीने वाजवत असतो. त्याला वाटतं बोटं कमकुवत आहेत. बोटांची निम्मी ताकद त्याने मनगटातच अडवलेली असते.

दुसरं करून पाहा. तळहात टेबलावर पालथा ठेवा, मधलं बोट आत दुमडून तळव्याखाली घ्या, बाकीची बोटं पसरलेली राहू द्या. आता अनामिका उचला. उचलत नाही, किंवा जरासं टोक हलतं. बोटं सरळ करणाऱ्या कंडरा तळहाताच्या मागच्या बाजूला एकमेकींना जोडलेल्या आहेत आणि अनामिका त्यांत सर्वांत जास्त अडकलेली. सी कॉर्डमध्ये नेमकी तिलाच लांब, पाचव्या तारेपर्यंत जायचं असतं. ती हट्टी वाटली तर चिडू नका. तिला वेळ द्या.

अंगठा नेकच्या मागे, साधारण मधल्या बोटाच्या समोर, पोटावर टेकलेला असावा. चिमटा काढल्यासारखा आवळायचा नाही. हे तपासायची एक जुनी युक्ती आहे: कॉर्ड धरा आणि क्षणभर अंगठा नेकवरून पूर्ण उचला. कॉर्ड थोडी क्षीण होईल, पण वाजत राहिली पाहिजे. गिटार उजव्या पुढच्या हाताने अंगाशी टेकलेली असली, तर डाव्या दंडाचं वजन कोपरातून किंचित मागे ओढत बोटं तारांवर टेकवून ठेवतं. अंगठा मग आधारापुरता उरतो. जिमी हेन्ड्रिक्स अंगठा नेकवरून पुढे आणून त्याने सहावी तार दाबायचा. त्याचे हात लांब होते आणि त्याला त्यातून काय काढायचं ते ठाऊक होतं. पहिल्या वर्षात ती नक्कल करू नये. अंगठा वर आला की तळहात नेकला चिकटतो, बोटं आडवी होतात आणि शेजारच्या तारा मरतात.

बोटाचं टोक तारेवर उभं पडायला हवं, शेवटचं पेर खांबासारखं. यात सगळ्यात मोठा अडथळा नखांचा. डाव्या हाताचं नख बोटाच्या मांसापुढे केसभर जरी आलं, तरी बोट उभं राहू शकत नाही. आधी नख लाकडाला टेकतं, मग बोट आपोआप आडवं पडतं. मी नव्या विद्यार्थ्याची गिटार पाहण्याआधी त्याची नखं पाहतो. दर तीन-चार दिवसांनी कापा. उजव्या हाताची हवी तर वाढवा.

आणि दुखणं? टोकं पहिले दोन-तीन आठवडे झोंबतात. त्वचेचा वरचा थर हळूहळू जाड होतो आणि घट्टे पडतात. रोज थोडा वेळ वाजवलं तर ते नीट पडतात. रविवारी तीन तास वाजवून आठवडाभर गिटारला हात लावला नाही, तर नुसते फोड येतात. आंघोळ किंवा भांडी झाल्यावर लगेच वाजवू नका, भिजलेली कातडी सोलवटते. घट्ट्याची कड सुटली तर ओढून काढू नका, कानसीने घासा. टोकांची ही झोंब मान्य करायची. मनगटात, अंगठ्याच्या बुडाशी किंवा पुढच्या हातात कळ आली, बोटांना मुंग्या आल्या, तर त्या दिवशी गिटार खाली ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी मनगटाची बैठक तपासायची. मुंग्या टिकल्या तर डॉक्टरांकडे जायचं. ‘दुखल्याशिवाय विद्या येत नाही’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. मनगट बिघडून वाजवणं कायमचं सुटलेली माणसं मी पाहिली आहेत.

दाब किती, याचं माप प्रत्येकाने स्वतः काढावं. तिसऱ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटच्या अलीकडे बोट नुसतं ठेवा, न दाबता, आणि तार छेडत राहा. ‘ठप्, ठप्’ येईल. छेडता छेडता दाब अगदी हळू वाढवा. झरझर येईल. मग एका क्षणी स्वर स्वच्छ होईल. तिथेच थांबा. एवढाच दाब हवा. त्यापुढे लावलेला सगळा जोर वाया जातो, वर तार लाकडाकडे जास्त ओढली जाऊन स्वर किंचित चढतो. बेसूर वाजणाऱ्या कित्येक कॉर्ड्सची गिटार नीट लावलेली असते, हात मात्र आवळलेला असतो.

आता कॉर्ड्स. पहिली ई मायनर: मधलं बोट पाचव्या तारेच्या दुसऱ्या घरात, अनामिका चौथ्या तारेच्या दुसऱ्या घरात, बस. बाकी चार तारा मोकळ्या, आणि सहाही तारा वाजवायच्या. दोन बोटांत एवढं मोठं, भरलेलं काही वाजतं म्हणून मी नेहमी इथून सुरुवात करतो. पुढची ए मायनर: तर्जनी दुसऱ्या तारेच्या पहिल्या घरात, मधलं बोट चौथीच्या आणि अनामिका तिसरीच्या दुसऱ्या घरात.

इथे पेटी येणाऱ्याला एक मजा दिसेल. पांढरी एकला सा धरला, तर सी मेजर म्हणजे सा-ग-प. ए मायनर म्हणजे ध-सा-ग. दोघींत सा आणि ग सामाईक. ए मायनर धरलेली असताना तर्जनी सा वाजवते आहे आणि मधलं बोट ग. मग सी मेजरला जाताना या दोघांनी जागा सोडायचं कारणच नाही. फक्त अनामिका तिसऱ्या तारेवरचा ध सोडते आणि पाचव्या तारेच्या तिसऱ्या घरात जाऊन तिथला सा धरते. तिसरी तार मोकळी सुटते आणि तिच्यात आपोआप प मिळतो. एक बोट हललं, कॉर्ड बदलली. मी हे पहिल्यांदा उमजून पाहिलं तेव्हा कॉर्ड्सचे तक्ते पाठ करणं त्या दिवसापासून बंद केलं. तक्त्यात दोन चित्रं शेजारी शेजारी असतात, पण कोणतं बोट हलत नाही ते त्यात लिहिलेलं नसतं, आणि शिकायचं असतं नेमकं तेच.

जी मेजर दोन प्रकारे धरतात. सोपा वाटणारा प्रकार तर्जनी पाचव्या आणि मधलं बोट सहाव्या तारेवर ठेवण्याचा. मी आग्रहाने दुसरा शिकवतो: मधलं बोट पाचव्या तारेच्या दुसऱ्या घरात, अनामिका सहाव्या तारेच्या तिसऱ्या घरात आणि करंगळी पहिल्या तारेच्या तिसऱ्या घरात. पहिले दहा दिवस करंगळी ऐकत नाही. पण जीवरून सीला जायचं झालं की मधलं बोट आणि अनामिका दोघं जोडीने फक्त एकेक तार खाली उतरतात, करंगळी उठते, तर्जनी येऊन बसते. हजारो गाण्यांत जी आणि सी एकमेकींच्या शेजारी येतात. दहा दिवसांच्या त्रासात ती सगळी गाणी सोपी होतात. डी मेजरबद्दल वेगळं सांगण्यासारखं फार नाही: तिच्यात तिन्ही बोटं पहिल्या तीन तारांवर दाटीवाटीने बसतात, म्हणून बोटं उभी ठेवण्याची कसोटी तिथे लागते.

कॉर्ड बदलताना बोटं एकामागून एक लावण्याची सवय लवकर मोडावी. तर्जनी आधी, मग मधलं, मग अनामिका असं लावत गेलं की ताल नेहमी अनामिकेसाठी थांबतो. उजवा हात वरून खाली येतो तेव्हा त्याला आधी जाड तारा लागतात. म्हणून जाड तारेवरचं बोट पहिलं उतरलं पाहिजे. सीला जाताना अनामिकेला आधी पाठवा. सरावासाठी कॉर्ड धरा, बोटं आकार न मोडता तारांपासून सेंटिमीटरभर उचला, हवेत तशीच धरा आणि सगळी एकदम उतरवा. मग एकेक तार छेडून ऐका. ठेका सावकाश घ्या, इतका सावकाश की चूक होणारच नाही. चुकत चुकत वेगाने शंभर वेळा केलं तर हात ती चूकच पाठ करतो.

आणि एफ. माझा अंदाज असा की गिटार कोपऱ्यात उभी राहते ती बहुतेक या कॉर्डपाशी. तर्जनी पहिल्या घरात सहाही तारांवर आडवी, मधलं बोट तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या घरात, अनामिका आणि करंगळी पाचव्या व चौथ्या तारेच्या तिसऱ्या घरात. याला बार कॉर्ड म्हणतात. पाहिल्यावर वाटतं, एका बोटाने सहा तारा दाबायच्या! पण नीट मोजा. पाचवी, चौथी आणि तिसरी तार दुसऱ्या बोटांनी पुढे धरलेली आहे. तिथे तर्जनीने दाबलं काय नि न दाबलं काय, सारखंच. तर्जनीला खरंच वाजवायच्या तारा तीनच: सहावी, दुसरी आणि पहिली. बोट सपाट न ठेवता अंगठ्याच्या बाजूच्या कडेवर किंचित कलवा. ती कड हाडाची, कठीण असते. सपाट बाजूला पेरांच्या घड्या असतात आणि तार नेमकी घडीत बसली की मुकी होते. बोट दोन-तीन मिलिमीटर वर-खाली सरकवलं की तार घडीतून सुटते.

शिवाय एफ ज्या घरात आहे ते घर नटाला लागून आहे. तंबोऱ्यावर अटी जे काम करते ते गिटारवर नट करतो. स्थिर टोकाच्या इतक्या जवळ तार खाली वाकवायला सगळ्यात जास्त जोर लागतो. म्हणून हाच आकार पाचव्या फ्रेटवर नेऊन धरा. तिथे तो ए मेजर होतो आणि पुष्कळ हलका लागतो. तिथे स्वच्छ वाजला की चौथ्यावर, मग तिसऱ्यावर, असं महिनाभरात पहिल्यावर या. तोपर्यंत गाणी अडवून धरू नका: तर्जनीने फक्त पहिल्या दोन तारा दाबून, मधलं बोट तिसरीच्या दुसऱ्या घरात आणि अनामिका चौथीच्या तिसऱ्या घरात ठेवून छोटी एफ वाजवा.

कधी कधी दोष हाताचा नसतोच. माझी पहिली गिटार एका दुकानातून घेतलेली, चकचकीत, स्टीलच्या तारांची. वर्षभर तिच्यावर एफ वाजली नाही. शेवटी एका वाद्य दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांकडे नेली. त्यांनी तिसऱ्या फ्रेटच्या अलीकडे तार दाबली आणि पहिल्या फ्रेटवर तार आणि धातू यांच्यामधली फट मला दाखवली. तिथे जेमतेम कागद जाईल एवढी जागा असायला हवी. माझ्या गिटारवर जाड पुठ्ठा गेला असता. त्यांनी बारीक कानस घेतली, नटाच्या सहाही खाचा थोड्याथोड्या खोल केल्या, तारा पुन्हा चढवल्या. अर्ध्या तासाचं काम. त्या संध्याकाळी एफ वाजली. वर्षभर मी बोटांना दोष देत होतो.

नवी गिटार घेताना ही फट पाहून घ्या. बाराव्या फ्रेटवर तार किती उंच आहे तेही पाहा: स्टीलच्या तारांना दोन-अडीच मिलिमीटर, नायलॉनला तीन ते चार, याहून जास्त नको. स्टीलच्या सहा तारांचा नेहमीचा संच लावला की नेकवर मिळून 70 किलोच्या आसपास ओढ बसते, नायलॉनची साधारण 40 किलो. लहान मुलांना आणि नाजूक बोटांना नायलॉनची गिटार द्या, किंवा स्टीलचा सर्वांत पातळ संच चढवा. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात स्टीलच्या तारा गंजतात आणि गंजलेली तार बोट कापते. वाजवून झालं की सुती फडक्याने पुसून ठेवा.

हात लहान आहेत, बोटं आखूड आहेत, असं सांगणाऱ्यांना मी जँगो राइनहार्टची गोष्ट सांगतो. 1928 साली त्याच्या राहत्या गाडीला आग लागली आणि डाव्या हाताची अनामिका व करंगळी जवळपास निकामी झाली. तो उरलेल्या दोन बोटांनी नव्याने वाजवायला शिकला, आणि 1934 पासून पॅरिसमध्ये स्टेफान ग्रापेलीच्या व्हायोलिनसोबत त्याने जे वाजवलं ते आजही जॅझ गिटारवादक अभ्यासतात. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या कारखान्यात सतराव्या वर्षी टोनी आयोमीच्या दोन बोटांची टोकं यंत्रात गेली. तो डावरा असल्याने ती नेमकी तारा दाबणाऱ्या हाताची होती. त्याला जँगोची ध्वनिमुद्रिका ऐकवली गेली. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, पातळ तारा चढवल्या आणि पुढे ब्लॅक सॅबथचा तो जड, काळोखा आवाज घडवला. दोघांनीही जोर वाढवला नाही. जो हात उरला होता त्याला साजेशी जागा शोधली.

रोज पंधरा-वीस मिनिटं पुरे आहेत, पण रोज. पहिली पाच मिनिटं एकेक तार छेडून कॉर्ड तपासण्याची, नंतरची दहा दोनच कॉर्ड्समध्ये ये-जा करण्याची, उरलेली एखाद्या गाण्याची. आज अडलेला बदल झोपून उठल्यावर दुसऱ्या दिवशी थोडा सैल झालेला आढळतो, हे तुम्हालाही दिसेल.

उद्या गिटार हातात घ्याल तेव्हा आधी सी धरा आणि पाचवीपासून एकेक तार छेडा. पहिली तार बोलली, तर पुढचं प्रकरण उघडा. नाही बोलली, तर तर्जनीचं नख बघा.